हिराबायची सोमवारची तपासणी

पनवेलमध्ये बँकिंग माझ्याइतकं कळलेला माणूस तुम्हाला सापडणार नाही. बत्तीस वर्षं एकाच सहकारी बँकेत काढली, चार मॅनेजर माझ्या डोळ्यांदेखत आले आणि रिटायर झाले, आणि सात देशांच्या साहेबांनी मला प्रश्न विचारलेत! आता एवढी फुशारकी मारलीच आहे तर उरलेलंही सांगून टाकतो. मी शिपाई होतो. सातवी नापास. आणि सात देशांच्या साहेबांनी विचारलेला प्रश्न होता, "टॉयलेट कुठे आहे?"

किस्से साठतात कसे, तर बँकेतल्या रबरबँडसारखे. नोटांच्या पुडक्यावरून एकेक निघतो, टाकवत नाही, म्हणून मनगटात चढवायचा. संध्याकाळी बघावं तर कोपरापर्यंत बांगड्या भरलेल्या! माझं तसंच झालंय. आज थोडे उतरवून ठेवतो.

आमची शाखा मच्छी मार्केटच्या रस्त्यावर. स्टाफ पाच जणांचा, त्यातला पाचवा मी. माझं खातं म्हणजे दार, किटली आणि लोकांची टर उडवणं. पहिल्या दोन कामांचा पगार मिळायचा, तिसरं मी सेवाभावाने करायचो.

*

सगळ्यात आधी हिराबाय सांगितली पाहिजे, कारण आमची बँक तिच्यावर उभी होती.

हिराबाय मोरा बंदरावरची. सुकी मच्छी घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. लेकाच्या होडीला नवीन इंजिन घ्यायचं म्हणून आमच्याकडे पैसे साठवत होती. पण आधी एकदा तिचे हात पोळले होते. एका पतपेढीने एके सकाळी शटर उघडलंच नाही. आईची पाटली मोडून ठेवलेले पैसे शटरच्या आत, आणि हिराबाय बाहेर. तेव्हापासून तिने स्वतःपुरता एक नियम केला. दर सोमवारी दहा वाजता यायचं, खात्यातले सगळे पैसे काढायचे, बाकावर बसून थुंकी लावून मोजायचे, आणि मोजून झाले की परत भरायचे.

"बाई, पासबुकात आकडा लिहिलेला असतो ना!" कॅशियर सुलभाताई सांगून सांगून दमल्या.

"आकडा त्या पतपेढीनं पन लिवला हुता!" हिराबाय म्हणाली. सुलभाताईंनी नोटा काढून तिच्यापुढे ठेवल्या.

आमचे मॅनेजर कुलकर्णी साहेब मला बाजूला घेऊन म्हणायचे, "महादेव, ही बँक तीन गोष्टींवर चालते. भांडवल, नफा आणि हिराबाई. पहिल्या दोन मी बघतो. तिसरीला तू चिडवू नकोस!"

साहेबांचं खोटं नव्हतं. हिराबाय उठून गेली असती तर अख्खं मच्छी मार्केट उठलं असतं. मार्केट उठलं असतं तर बँकेत उरलो असतो मी आणि किटली.

*

पण चिडवल्याशिवाय माझा चहा पचत नाही.

एका सोमवारी तिने नोटा मोजता मोजता विचारलं, "म्हादू, या नोटा माज्या नायत. माजी एक कोपऱ्यात फाटकी हुती. ती कुटं गेली?"

सुलभाताईंनी मन लावून समजावलं, की तुमच्या नोटा जशाच्या तशा ठेवत नाहीत, बँक त्यातून दुसऱ्यांना कर्ज देते, आणि वरच्या बँकेच्या नियमाप्रमाणे थोडे बाजूला ठेवते.

हिराबायने माझ्याकडे बघितलं. "कुनाला दिलं रं माजं पैसं?"

बाहेर इस्माईलभाई नवी कोरी रिक्षा पुसत होते. कर्ज आमचंच होतं. मी म्हटलं, "ती बघ. ती तुझी फाटकी नोट. आता तिला तीन चाकं आलीत!"

झालं! त्या दिवसापासून हिराबाय मच्छीची टोपली घेऊन इस्माईलभाईंच्या रिक्षात बसायला लागली आणि भाडं देईना. आठवडाभर बिचाऱ्याने सोसलं. मग ते साहेबांच्या केबिनमध्ये रडवेले होऊन आले. "साहब, ये अम्मा रोज बैठती है. पैसे मागितले तर म्हणते, गाडी माजी हाय, तू डायवर!"

साहेबांनी हिराबायला बोलावून मालकी आणि कर्ज यातला फरक तासभर समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. भाडं दीन. पन मागची सीट पुसून ठेवायची. माल आपला हाय."

*

तो वरच्या बँकेचा 'बाजूला ठेवायचा' नियम मला मात्र फार आवडला. मी तो किटलीला लावला.

कितीही मागणी असो, किटलीत तळाला चार कप राखीव. अचानक कोण साहेब टपकला तर? एकदा ऐन दुपारी कुलकर्णी साहेबांनी दुसरा कप मागितला. मी म्हटलं, "संपला."

साहेबांनी उठून स्वतः झाकण उघडलं. "अरे, हा काय आहे!"

"तो राखीव आहे साहेब. तुम्हाला दिला तर वरून दंड होईल."

"मी मॅनेजर आहे!"

"मॅनेजरच खातात म्हणून तर नियम केलाय ना, साहेब?"

साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. पण नियम टिकला!

*

आता चाव्यांचा किस्सा.

तिजोरीला दोन चाव्या असतात. एक चावी एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे, दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडता कामा नये. का, तर एकट्याला मोह होतो. आमच्याकडे एक चावी सुलभाताईंकडे होती आणि दुसरी अकाउंटंट अनंतराव पाटलांकडे. ही दोघं रोज सकाळ-संध्याकाळ तिजोरीपाशी भेटायची. रोज भेटत राहिली की जे व्हायचं ते झालं. लग्न! अख्ख्या बँकेने जेवण झोडलं. नियमाची आठवण कुणालाच झाली नाही.

पुढच्या वर्षी वरून तपासणीला एक मॅडम आल्या. बारीक चष्मा, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर हसू आणायचं तर वरून मंजुरी घ्यावी लागत असावी. त्यांनी विचारलं, "दोन चाव्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे आहेत?"

"हो मॅडम," दोघंही एका सुरात.

"बँक सुटल्यावर चाव्या कुठे असतात?"

"खिळ्याला," अनंतराव.

"कुठल्या?"

सुलभाताई लाजल्या. "स्वयंपाकघराच्या दाराजवळ एकच खिळा आहे, मॅडम."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. शेरा काय आला, तर 'चाव्या दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवण्यात याव्यात व पूर्तता कळवावी.' आठ दिवसांत साहेबांनी सहीशिक्क्यानिशी पूर्तता कळवली. टपालात मीच टाकली, म्हणून मला माहीत. त्यात लिहिलं होतं, 'दुसरा खिळा ठोकण्यात आला आहे.'

*

त्याच तपासणीतला आणखी एक. यात चूक माझी आहे, पण हेतू चांगला होता.

बँकेच्या भिंतीवर संस्थापकांचे तीन फोटो. रोज सकाळी हार घालायचं काम माझं. दोघे स्वर्गवासी, तिसरे अण्णा नव्वदीला टेकलेले पण ठणठणीत. आता दोघांना हार आणि एकाला नाही, हे दिसायला बरं दिसेना. मी तिघांनाही घालायला लागलो.

मॅडम आल्या, तर नेमके अण्णा पेन्शन काढायला आलेले. मॅडमनी अण्णांच्या फोटोकडे बघितलं, चष्मा काढला, हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मागे खुद्द अण्णा! त्यांना मोतीबिंदूमुळे फोटो काही दिसेना, पण कुणीतरी गेलंय एवढं समजलं. त्यांनीही टोपी काढली आणि हात जोडले.

मिनिटभर स्वतःसाठी शांत उभे राहून त्यांनी माझ्या कानात विचारलं, "महादेव, माणूस कसा होता रे?"

मी म्हटलं, "कर्ज द्यायला फार कडक होता, अण्णा."

"मग चांगलाच असणार!" अण्णा म्हणाले आणि टोपी घालून काउंटरकडे गेले.

*

आता सात देशांचा दिवस.

देशोदेशीच्या बँकांवर लक्ष ठेवणारे साहेब लोक मुंबईत कसल्याशा अभ्यासाला आले होते. त्यांना एक छोटी बँक दाखवायची, तर त्या चष्मेवाल्या मॅडमनी आमची निवडली. का, ते देवाला ठाऊक. बहुतेक खिळे दाखवायचे असतील! दिवस ठरला सोमवार, वेळ साडेनऊ. मला नवा शर्ट मिळाला.

बस कळंबोलीला लोखंडाच्या ट्रेलरांमध्ये अडकली आणि साडेनऊची दहाला आली. एकेक पाहुणा उतरला. नावं मला तेव्हाही म्हणता आली नाहीत, म्हणून मी आपली सोयीची ठेवली. एक बर्फाच्या देशाचे, उंच, उन्हाने टोमॅटोसारखे झालेले. एक बेटावरच्या बाई, कानात फूल. बाकी पाच जण टायवाले. सगळ्यांच्या हातात फायली. ओळीने माझ्यासमोरून आत गेले, आणि सगळ्यांनी मला तो एकच प्रश्न विचारला.

पायरीवर हिराबाय बसलेली. सोमवार, दहा वाजलेले. तिच्यामागे बाजारातल्या चौघीजणी. एकीने विचारलं, "म्हादू, कोन हाय ही गोरी-काली मानसं?"

आता सांगा, मी गप्प बसायला हवं होतं की नाही? हवं होतं! पण जीभ सुटली. "बँक विकत घ्यायला आलेत. माप घेतायत!"

मी हसलो. कुणीच हसलं नाही. आणि नेमकं त्याच वेळेला आतून सुलभाताईंचा आवाज आला, "आज पैसे निघायला जरा उशीर होईल हं!"

झालं असं होतं, की पूर्वी एका खिळ्यावरून दोन्ही चाव्या एकदम उचलल्या जायच्या. आता खिळे दोन. ताईंनी आपली चावी उचलली, अनंतराव आपली विसरले. तिजोरी बंद, काउंटर रिकामं. पण पायरीवरच्या बायकांना खिळे काय माहीत! त्यांनी ऐकलं ते इतकंच, की बँक विकली आणि पैसे नाहीत.

दहा मिनिटांत रांग मार्केटच्या कमानीपर्यंत गेली. भाजीवाले आले, कोंबडीवाले आले. ज्याचं आमच्याकडे खातंच नाही तोही उभा राहिला, कारण सगळेच उभे होते. आतून टायवाल्यांनी खिडकीतून रांगेचे फोटो काढायला सुरुवात केली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "जप्तीचे फोटो काढतायत!"

कुलकर्णी साहेबांनी घाईघाईने कागदावर लिहून दाराला चिकटवलं, 'बँकेची स्थिती उत्तम आहे.' रांग दुप्पट झाली.

बेटावरच्या बाई हळूच काही बोलल्या. मॅडमनी साहेबांना सांगितलं, "त्या म्हणतायत, त्यांच्याकडेही असं झालं होतं. कागद लावू नका. उत्तम असलेली बँक तसं लिहीत नाही."

बर्फाचे साहेबही काही बोलले, तेही मॅडमनीच मराठीत सांगितलं, "तुमचं बरं आहे. तुम्हाला रांग दिसते तरी. आमच्याकडे लोक घरात बसून फोनवरून पैसे काढतात. आम्ही कॉफी पिऊन येईपर्यंत बँक रिकामी!"

 इतकी वर्षं थट्टा केली, पण बँक बुडवायची थट्टा नव्हती केली. मी स्टुलावर चढलो. "अहो, मी गंमत केली! काही विकलंबिकलं नाही! पाहुणे आहेत!"

रांगेतून आवाज आला, "बघा, आता शिपायाला पढवून पाठवलाय!"

पहिल्यांदाच खरं बोललो आणि पहिल्यांदाच कुणी ऐकलं नाही. हिराबाय तेवढी पायरीवर शांत. माझ्याकडे बघत होती, नजर वाळत घातलेल्या बोंबलासारखी कोरडी. ती उठून ओरडली असती तर काचा फुटल्या असत्या. ओरडली नाही, एवढंच नशीब.

मॅडम बाहेर आल्या. पेन्सिल केसात खोचलेली. "कुलकर्णी, दार सताड उघडं ठेवा. कुणालाही नाही म्हणायचं नाही. पाटील, चावी आणा. स्वतः जा, चावी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही."

अनंतरावांची स्कूटर रांगेच्या गर्दीत अडकलेली. ते रस्त्यावर केविलवाणे उभे. तेव्हा हिराबायने तोंड उघडलं.

"इस्माईल! माजी रिक्षा काढ. पाटलाला घरी ने आन परत आन. भाडं घ्यायचं नाय!"

"अम्मा, पर..."

"माल आपला हाय!"

इस्माईलभाईंनी कपाळाला हात लावला आणि रिक्षा काढली.

मधला वेळ कसा काढायचा? मी किटली उचलली. रांगेतल्या माणसाच्या हातात गरम ग्लास दिला की तो ढकलाढकल करत नाही, हे कुठल्याही देशाच्या पुस्तकात नसेल, पण तुम्ही लिहून घ्या. तळातले चार कपसुद्धा काढले. कुलकर्णी साहेब घाम पुसत म्हणाले, "महादेव, राखीव?"

"साहेब, याच दिवसासाठी ठेवला होता!"

पाऊण तासाने अनंतराव चावी हवेत नाचवत आले. तिजोरी उघडली. पहिला नंबर हिराबायचा. तिने सगळे पैसे मागितले. सुलभाताईंनी शेवटच्या नोटेपर्यंत दिले. रांगेच्या माना बगळ्यासारख्या लांब झाल्या. हिराबाय गेली तर सगळे जाणार, हे त्यांनाही माहीत, आम्हालाही.

हिराबाय बाकावर बसली. थुंकी लावली. मोजू लागली. सात देशांचे साहेब फायली मिटून बघत होते. एका पुडक्याला तिची मोजणी चुकली, तिने पहिल्यापासून सुरू केली. कुलकर्णी साहेबांनी डोळे मिटले.

मोजून झालं. ती उठली. दाराकडे गेली. कुलकर्णी साहेबांच्या तोंडून "संपलं!" निघालंच. तिने दाराबाहेर पानाची पिंक टाकली, परत आत आली आणि नोटा काउंटरवर ठेवल्या.

"घे, सुलभा. भर."

मागची म्हणाली, "हिराबाय भरतेय!" मग तिनेही काढले, बाकावर बसून मोजले आणि परत भरले. तिच्यामागच्यानेही तेच. मार्केटला वाटलं, आज पद्धतच अशी आहे! पाच वाजेपर्यंत अख्ख्या पनवेलने आपापले पैसे हाताळून परत ठेवले. खातं नसलेला होता ना, त्याने खातं उघडलं.

जाताना बर्फाच्या साहेबांनी मॅडमना विचारलं, की बँकेची ताकद तपासायची ही पद्धत तुम्ही कधीपासून वापरता? मॅडम पहिल्यांदाच हसल्या. मंजुरी न घेता!

बस गेली. मी हिराबायसाठी वेगळा चहा केला, आलं घालून, आणि बाकावर तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, "हिराबाय, चुकलो. आज तुझ्या इंजिनाचे पैसे माझ्या जिभेपायी बुडायची पाळी आली होती. किती घाबरली असशील!"

"मी? मी कशाला घाबरू?"

"अगं, मग सगळे पैसे काढलेस ते?"

"आज सोमवार नाय का?"

"म्हणजे बँक विकली हे तुला खरं वाटलंच नाही?"

"तू बोल्लास ना. तवाच समजलं, बँकेला काय झालेलं नाय." तिने चहा बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "पन म्हादू, ज्या दिवशी बँक खरंच बुडंल ना, त्या दिवशी तू मला काय सांगनार हायस?"